गिलाव्याखालचा पुरावा

फ्लॅटच्या खरेदी-विक्रीवर महाराष्ट्राने १९६३ साली कायदा केला. वकील आणि बिल्डर त्याला 'मोफा' म्हणतात. त्याचं सातवं कलम मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनियरला वाचायला लावलं आहे. इमारतीत किंवा वापरलेल्या मालात दोष निघाला आणि ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो बिल्डरला कळवला, तर त्याने जादा पैसे न घेता तो दुरुस्त करून द्यायचा. दुरुस्ती शक्य नसेल तर वाजवी भरपाई द्यायची. आणि दोष आहे की नाही यावरच वाद झाला तर? मोठ्या शहरांच्या हद्दीत तो वाद नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे न्यायचा. बाकी महाराष्ट्रात म्हाडाच्या मंडळातल्या उपमुख्य अभियंत्याकडे किंवा अधीक्षक अभियंत्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. त्याने चौकशी करून दिलेला निर्णय अंतिम.

म्हणजे जिथे फ्लॅट तुरळक होते तिथे निवाडा इंजिनियरकडे दिला, आणि जिथे फ्लॅटची शहरंच्या शहरं उभी राहत होती तिथे तो जादा जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. तो जमीन कमाल मर्यादा कायदाही नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्रात रद्द झाला. मी ठाणे जिल्ह्यात स्थापत्य सल्लागार म्हणून काम केलं. कोर्टाने आणि ग्राहक मंचाने कमिशनर म्हणून पाठवलं तिथे जाऊन गळकी छतं, सुटलेले कॉलम, उतार चुकलेल्या गच्च्या तपासल्या. या कलमाखाली निकाल लागलेलं एकही प्रकरण माझ्यासमोर आलं नाही. दोषाबद्दल बोलणारी कायद्यातली सगळ्यात नेमकी तरतूद, आणि ती लोकांच्या हाती कधी आलीच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुंबईत घराच्या दोषावर भांडण्याची पद्धत तशी नवी आहे, कारण घर विकत घेण्याची पद्धतच नवी. चाळीत राहणाऱ्याचं छत गळलं तर तो घरमालकाकडे जायचा. मालकाने पत्रा बसवला तर बसवला, नाहीतर भाडेकरू स्वतः डांबराचा बोळा लावायचा. खटला झालाच तर तो भाड्यावरून, बांधकामावरून नव्हे. स्वतःचं घर हवं असलेल्यांनी वेगळी वाट काढली ती १९१५ साली, गावदेवीत, सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या रूपाने. तिच्यामागे एस. एस. तलमकी होते. अशा संस्थेत घर बांधून घेणारी आणि राहणारी माणसं एकच. काम चालू असताना सभासद जागेवर येऊन उभे राहू शकत होते. विटेचा दर्जा काय, चुना मळला आहे का, हे डोळ्यांनी पाहू शकत होते.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी बांधणं परवडेनासं झालं. पैसेवाल्यांनी मग बांधून विकायचा मार्ग धरला. घेणाऱ्याने नकाशा पाहून पैसे द्यायचे, हप्त्याहप्त्याने, आणि मधल्या काळात आपलं घर कुणाच्या हातून, कशाने बनतंय याची त्याला गंधवार्ता नसायची. एकच फ्लॅट दोघांना विकणं, कबूल केलेला माल न वापरणं, संस्था स्थापन न करणं, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने मे १९६० मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ साली आला आणि त्यातून मोफा जन्माला आला.

त्याआधी घेणाऱ्याला आधार होता तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. त्याचं पंचावन्नावं कलम सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड करायला हवा. गावातला वाडा घेताना हे पुरत होतं. माणूस तुळईला टिचकी मारून बघायचा, वाळवी लागली आहे का ते विचारायचा, पावसाळ्यात एक चक्कर टाकायचा. पण फ्लॅटच्या बाबतीत साधारण काळजी म्हणजे काय करायचं? सळई किती जाडीची घातली, रिंगा किती अंतरावर बांधल्या, हे सगळं काँक्रीट ओतलं त्या दिवशीच झाकलं गेलं. त्यावर गिलावा आला, रंग आला, आणि मग किल्ली हातात आली. घेणारा पाहतो ते फक्त रंग. माझ्या मते या साऱ्या खटल्यांचं मूळ इथे आहे. ज्याच्या डोळ्यांसमोर काम झाकलं गेलं त्याच्याकडे माहिती, आणि ज्याने ते झाकताना पाहिलं नाही त्याच्यावर पुराव्याचं ओझं.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकातल्या इमारतींबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या वाट्याला आलेल्या दोषांपैकी बरेचसे त्यांचे होते. सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं, परमिटवर पोती मिळायची. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला तो सिमेंटचं वाटप आणि त्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतरच. सिमेंटची किंमत राजकारणात काय होती ते त्यावरून कळावं. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण काही अंशी उठलं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. जिथे सिमेंट दुर्मीळ तिथे मिश्रण पातळ होणारच. त्यात रेती खाडीची. मुंब्र्याच्या रेतीबंदरावर उतरलेली रेती गोड्या पाण्याने नीट धुवायला हवी. धुतली नाही तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये राहतं आणि आतल्या लोखंडावर चढतं. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं किमान कव्हर १५ मिलिमीटर सांगितलं होतं. प्रत्यक्षात तेवढंही नसायचं. फोडून पाहिलं की सळई बोटाच्या नखाएवढ्या थराखाली दिसायची. २००० साली मानक सुधारलं तेव्हा परिस्थितीप्रमाणे कव्हर ठरवायची पद्धत आली आणि तीव्र परिस्थितीसाठी ते ४५ मिलिमीटर झालं.

पातळ मिश्रण आणि कमी कव्हर यांनी काय बिघडवलं हे पाहायची आमच्याकडे एक सोपी चाचणी आहे. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घ्यायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं. काँक्रीट निरोगी असेल तर ते गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून त्याचा क्षार मेला असेल तर रंग चढतच नाही. रंग न चढणारा थर सळईपर्यंत पोहोचला की गंज धरायला लोखंड मोकळं होतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून कव्हर फुटतं, पोपडे पडतात, आणि रहिवासी म्हणतात, स्लॅब पडतोय.

हे सगळं व्हायला किती काळ लागतो? चांगल्या काँक्रीटला कित्येक दशकं. वाईटाला आठ-दहा वर्षं पुरतात. कायद्याने दिलेली तीन वर्षं संपलेली असतात तेव्हा सळईवर अजून डागही नसतो. जे दोष लवकर दिसतात ते पाण्याचे, आणि त्यांच्यावरच भांडणं होतात. इमारतीचा जीव घेणारे दोष मुदत उलटून गेल्यावर बाहेर येतात.

दुसरी अडचण अशी की भांडायचं कुणी. नहाणी गळते ती एकाच्या घरात, पण गच्ची, बाहेरची भिंत आणि कॉलम सगळ्यांचे. सगळ्यांच्या वतीने उभं राहायचं तर संस्था हवी, आणि ती १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदवायला बिल्डरच्या सह्या लागायच्या. मोफाच्या नियमांप्रमाणे दुसरं काही ठरलं नसेल तर संस्था नोंदवल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची असते. हे किती जणांनी केलं नाही हे ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची दुरुस्ती झाली आणि बिल्डरच्या सहीशिवाय मालकी नावावर करून घ्यायची वाट उघडली. तोवर दोन पिढ्या कागदावर भाडेकरूसारख्या राहिल्या.

लोकांच्या हाताला खरं लागलं ते ग्राहक संरक्षणाचं हत्यार. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. तेलाच्या आणि साबणाच्या प्रश्नापासून सुरू झालेली ही चळवळ घरापर्यंत पोहोचायला १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा लागला. तक्रार साध्या कागदावर, कोर्ट फी नव्हती, वकील हवाच असंही नव्हतं. बिल्डरांच्या वकिलांचा पहिला मुद्दा ठरलेला असायचा, की फ्लॅट ही स्थावर मिळकत आहे, वस्तूही नाही आणि सेवाही नाही, तेव्हा मंचाला अधिकारच नाही. १९९३ साली संसदेने सेवेच्या व्याख्येत गृहबांधणी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की घर बांधून देणं ही सेवाच आहे, सरकारी प्राधिकरणही त्यातून सुटत नाही, आणि माणसाला झालेल्या मनस्तापाचीही भरपाई मिळते. मनस्ताप हा शब्द निकालात आला याला मी फार मोठं मानते. गळक्या घरात पावसाळे काढलेल्या बाईला प्लॅस्टरचा खर्च दिला म्हणजे तिचं नुकसान भरून निघालं, असं तोवर मानलं जात होतं.

त्या काळातलं एक प्रकरण सांगते. डोंबिवलीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलच्या कोपऱ्यात छताला ओल. बिल्डरचं म्हणणं, वरच्या बाईंनी नहाणीची फरशी बदलली, तिथूनच गळतंय, त्यामुळे जबाबदारी आमची नाही. हे उत्तर मी इतक्या प्रकरणांत ऐकलं की त्याचा मसुदा कुठेतरी तयार ठेवलेला असावा. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. कुठल्या तारखेला पाऊस किती, वारा कुठून, डाग किती वाढला, पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारून मोजमाप.

"मॅडम, आयुष्यभर गाड्यांची नोंद ठेवली, तशीच ठेवली," ते म्हणाले. "काय लिहायचं ते कळत नव्हतं, म्हणून सगळंच लिहिलं."

त्या वहीत एक गोष्ट स्पष्ट होती. वरच्या बाई गावाला गेल्या तेव्हाही डाग वाढला होता, आणि नैर्ऋत्येचा वारा असला की जास्त. तरीही आम्ही चाचणी केली. वरच्या नहाणीचा ट्रॅप बंद केला, दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खाली थेंब नाही. मग बाहेरून परांची बांधून भिंतीवर पाण्याचा फवारा सुरू ठेवला. बिल्डरचा सुपरवायझर हॉलमध्येच उभा होता. दुपारपर्यंत कोपरा काळा पडला. बीम आणि वीटकाम मिळतात तिथे जाळी न लावताच गिलावा केला होता. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात तापतात, आक्रसतात. त्या सांध्यावर केसाएवढी चीर पडते, आणि वाऱ्याने ढकललेलं पाणी तिच्यातून आत येतं. जाळीचा खर्च त्या भिंतीपुरता नगण्य होता. गवंड्याने मागितली नाही की मुकादमाने दिली नाही, हे मला कधी कळलं नाही.

मंचाने माझा अहवाल स्वीकारला, दुरुस्तीचा आदेश दिला. बिल्डर अपिलात राज्य आयोगाकडे गेला आणि काही वर्षं तिथे गेली. वहीवाले गृहस्थ तेवढं थांबू शकले. सगळे थांबू शकत नाहीत.

दोष भिंतीतच असतो असंही नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसणं हाही बांधकामाचाच दोष, असं मी मानत आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ती सेवेतली त्रुटी ठरवली. मुंबईतल्या या संस्थेच्या सभासदांना १९९७ पासून ताबा होता, पण प्रमाणपत्र नव्हतं. परिणामी मालमत्ता कर २५ टक्के जास्त, पाणीपट्टी ५० टक्के जास्त, वर्षानुवर्षं. राष्ट्रीय आयोगाने मुदत संपल्याचं सांगून तक्रार काढून टाकली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र मिळवून देण्याचं कर्तव्य बिल्डरने पाळलं नाही तोवर चूक रोज नव्याने होत राहते, म्हणून मुदतीचा अडसर नाही. मला हा निकाल फार दिलासा देणारा वाटतो. निदान एका प्रकारच्या दोषाला मुदतीच्या बेडीतून सोडवलं.

आता रेराबद्दल. २०१६ चा केंद्राचा स्थावर मालमत्ता नियमन कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि महाराष्ट्राने त्याआधीच महारेरा हे प्राधिकरण स्थापून ठेवलं होतं. कायद्याच्या चौदाव्या कलमात दोषाची मुदत ताब्यापासून पाच वर्षं झाली. रचनेतला दोष असो, कामाच्या दर्जातला की सोयीसुविधांमधला, कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई. बिल्डर अपिलात गेला तर आधी रक्कम भरावी लागते, आणि त्यामुळे नुसतं लांबवण्यासाठी केलेली अपिलं कमी होतात. पुढे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद झालेलं नाही. कुठे जायचं हे घेणाऱ्याने ठरवायचं. २०१८ पासून महारेराने सलोखा मंच चालवला, ग्राहक पंचायत आणि बिल्डरांच्या संघटना यांना एकत्र बसवून. तिथे मिटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. दोन्ही बाजूंचा इंजिनियर एका टेबलावर बसला की अर्धा वाद संपतो.

पण पाच वर्षं माझ्या मते अपुरीच आहेत. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने वास्तुविशारदाला आणि कंत्राटदाराला दहा वर्षं जबाबदार धरलं होतं. चुन्यात बांधणाऱ्या लोकांना तेव्हा जे कळलं ते काँक्रीटच्या राज्यात आपण अजून मान्य केलेलं नाही. खाडीकाठच्या इमारतीत गंज सहाव्या-सातव्या वर्षी तोंड दाखवतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका संरचनात्मक तपासणी करायला लावते, आणि तो सारा खर्च रहिवाशांच्या खिशातून जातो.

मुदतीपेक्षाही मला जास्त हवं आहे ते झाकण्याआधीचं दप्तर. प्रत्येक स्लॅब ओतण्याआधी सळईचे फोटो, ठोकळ्यांच्या दाबचाचणीचे निकाल, नहाण्यांमध्ये फरशी लावण्याआधी पाणी भरून घेतलेल्या चाचणीच्या नोंदी. महारेराच्या नियमांत नमुना २-अ नावाचं गुणवत्ता प्रमाणपत्र आहे, प्रकल्पाच्या अभियंत्याने सही करून द्यायचं. मी भेटणाऱ्या प्रत्येक घेणाऱ्याला ते मागायला आणि उतरवून ठेवायला सांगते. ताब्याच्या पत्रासोबत हे सगळे कागद देणं सक्तीचं व्हावं, म्हणजे पुरावा गिलाव्याखाली राहणार नाही आणि चांगलं काम करणाऱ्या बिल्डरलाही आपलं काम दाखवता येईल. अशी माणसं आहेत. एका बिल्डरने स्वतःहून मला सगळ्या मजल्यांचे चाचणी अहवाल दाखवले, तेव्हा दोन्ही बाजूंचा संशय तिथेच विरला आणि गळतीचं कारण प्लंबरच्या सांध्यात सापडलं.

सध्या माझ्यासमोर घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीची गच्ची आहे. ताब्याचं पाचवं वर्ष संपायला थोडे महिने राहिले आहेत. सेक्रेटरीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्याकडून आधी ताब्याच्या पत्रावरची तारीख घेतली, मग गच्चीचे फोटो. तीस दिवसांची नोटीस पोस्टाने आणि ई-मेलने गेली आहे. उत्तर येवो न येवो, गच्चीवर पाणी भरायची चाचणी मृगाआधी उरकायला सांगितली आहे. पाऊस सुरू झाला की गच्चीचं पाणी, भिंतीचं पाणी आणि टाकीचं पाणी वेगळं काढता येत नाही, आणि मग आम्हालाही छातीठोकपणे काही लिहून देता येत नाही.